रायबाचा बिनशेपटीचा बैल

मार्गासनीच्या रायबानं जन्मभर बैल हाकले आणि पन्नाशीला सोसायटीचा छोटा ट्रॅक्टर त्याच्या हाती आला. तो त्याच्याशीही बैलासारखाच बोलायचा. चाक रुतलं की म्हणायचा, "चल रं राजा, लाजवू नगंस." गाव हसायचं. रायबा मात्र रोज संध्याकाळी राजाचं तोंड पुसायचा.

सत्तावन्न सालच्या श्रावणात दरड कोसळली आणि कोंडाबाईच्या दाराची वाट गाळानं बुजली. तिची दिवस भरत आलेली लेक त्याच दुपारी नसरापुराहून बैलगाडीनं माहेरी यायची होती. तिला गुडघाभर चिखल तुडवायला लावणार कोण?

रायबानं ट्रॅक्टरमागं केणी, म्हणजे माती ओढायची फळी, बांधली आणि सकाळभर गाळ ओढून वाट मोकळी केली. शेवटी अंगणाच्या कुंपणाशी, वईपाशी थांबायचं होतं. तो सवयीनं ओरडला, "हो, हो, हो!" ब्रेकची आठवण होईपर्यंत राजा काटेरी वई मोडून अंगणात उभा!

"आवं रायबाभाऊ, वईनं काय घोडं मारलं हुतं तुमचं?" कोंडाबाई कडाडली.

"जनावर बहिरं हाय, वैनी."

तेवढ्यात गाडी आली. अरुंद फाटकातून ती कधीच आत शिरली नसती, पण मोडक्या वईतून थेट ओट्याला लागली. लेक चिखलात पाय न घालता पायरीवर उतरली.

कोंडाबाईनं भाकरतुकडा आधी लेकीवरून ओवाळला, मग ट्रॅक्टरवरून.

"वई ऱ्हाऊ द्या तशीच," ती म्हणाली. "बारशाच्या गाड्या हितनंच येत्याल."