टारफुल्यासाठी शिरपूरला

धरणगाव सोडलं तेव्हा एसटीत शेजारची जागा रिकामी होती. तिथे मी पिशवी ठेवली. सोबत येईल असं माणूस नव्हतं. नवरा गेला, मुलगी सासरी, आणि बांधापलीकडच्या नानांशी दोन वर्षं बोलणं बंद. भांडण टारफुल्यावरून. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणारं, पांढऱ्या फुलांचं तण. तो नानांच्या शेतातून आला, असं मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. यंदा त्याच्यामुळे अर्धी ज्वारी बसली. शिरपूरकडे एका बाईने तो घालवल्याचं कृषी सहायक म्हणाला. तिथेही उपाय नसला तर शेत पडीक टाकायचं ठरवून निघाले.

अमळनेरला गाडी बदलली. कंडक्टरने विचारलं, "आजी, शिरपूरले कोनाकडे?"

"कोणाकडे नाही. शेत बघायला."

"इकत लेवानं शे का?" (विकत घ्यायचंय का?)

"आहे तेच जड झालंय."

तापी भरून वाहत होती. पूल संपेपर्यंत बघितली. 'ती बघ' म्हणायला कोणी नव्हतं.

एक फाटा आधीच उतरले. उन्हात तासभर चालले. समोर सातपुडा, तो काही जवळ येईना.

टारफुला घालवणारी ती बाई, अक्का, माझ्याच वयाची. तिची ज्वारी डोक्याच्या वर, आणि खाली टारफुल्याचं एक फूल नाही. तिने सांगितलं, ज्वारीच्या मुळांतून रस पाझरतो, त्यावर टारफुल्याचं बी जागं होतं आणि मुळाला चिकटतं. कापसाचं मूळही त्याला जागं करतं, पण चिकटू देत नाही. उगवतं आणि उपाशी मरतं. म्हणून तिने दोन वर्षं कापूस घेतला, मग ज्वारी.

मग तिने विचारलं, "तू टारफुला उपटीसन कोठे टाकस?" (उपटून कुठे टाकतेस?)

"उकिरड्यावर."

"फुलं येवानंतर?"

"हो, फुलं आल्यावरच ओळखू येतो."

"आनि तेच खत वावरमा? मंग तूच पेरस ना व माय!" (तेच खत शेतात? मग त्याचं बी तूच पेरतेस!)

ती हसली. मी नाही हसले. भांडणाआधी उकिरड्यातल्या खताच्या दोन गाड्या दरवर्षी नानाही न्यायचे, मीच द्यायचे.

तिने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. भाकरी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी परतले. घराचं कुलूप न काढता नानांच्या ओट्यापुढे उभी राहिले.

"नाना, टारफुला माझ्याच उकिरड्यातला. तुमच्याकडेही माझ्याच खतातून आला."

ते सुपारी कातरत होते. थांबले नाहीत.

"मंग दोन वरीस मी कसाले आयकी लिधं?" (कशाला ऐकून घेतलं?)

कापूस लावा, एवढं सांगितलं. बस म्हणाले नाहीत. दारही लोटलं नाही.

घरी येऊन कुलूप काढलं. आता उकिरडा शेतात जाणार नाही. दोन वर्षं कापूस, वेचणार मी एकटी. मग ज्वारी. घरची भाकरी खायची तर तोवर जगावं लागेल.