कोपऱ्यातलं टेबल

ढोकीत पिझ्झाचं दुकान निघालं, म्हणून आईला हौसेनं घेऊन गेलो. आत शिरल्यावर कळलं, हा तर जुना दवाखाना. वडील इथंच गेले. कोपऱ्यात त्यांची खाट होती, तिथं आता टेबल होतं.

पिझ्झा आला तोच गार, चीज चिवट, खाली मैदा कच्चा. माझं डोकंच फिरलं.

“ह्याला पिझ्झा म्हणतात व्हय?”

वाढणारा म्हातारा माझ्याकडं बघेचना. तो पूर्वी इथलाच कंपाउंडर, वडिलांना मालक म्हणायचा. आईला निरखून तो कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडं वळला आणि हळूच म्हणाला, “उठा मालक, घरची मानसं न्यायला आलीत.”

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात आई बाकावर सरकली आणि तिनं शेजारी जागा केली.