सुतकातली सही

मोड आलेल्या वालांचं पातेलं पुढ्यात घेऊन शुभदा स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. कोमट पाण्यातून दाणा उचलायचा, दोन बोटांत दाबायचा, साल हातात राहतं आणि वाल टुणकन ताटात पडतो. निम्मे सोलून झाले असतील नसतील, तोच फोन वाजला. तिनं ओले हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला.

"त्र्यंबकसाहेब आहेत का?" पलीकडून एका बाईचा गडबडीतला आवाज आला. "ठाण्याच्या ऑफिसातून बोलतेय. पंपांच्या देखभालीचं काम तुमच्या दुकानाला लागलंय. आता करारावर सही करायला साहेबांनी स्वतः यायचं. आधार कार्ड घेऊन. उद्या जमेल ना?"

शुभदाच्या तोंडून शब्द निघून गेले, "ते घरात नाहीत."

"बरं, आले की सांगा," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

शुभदानं फोन पाटाशेजारी ठेवला. आले की सांगा! गौरी-गणपती उठले आणि त्या आठवड्यात त्र्यंबकराव गेले. आता तुळशीचं लग्नही होऊन गेलं होतं. आणि जन्मात कधी शेजारणीलासुद्धा खोटं न सांगणारी ती, नवरा बाजारात गेल्यासारखं सांगून मोकळी झाली होती. खोटं म्हणावं तर शब्दात कुठं खोट नव्हती. घरात नाहीत हे खरंच होतं. पण देवापुढे असली वकिली चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्र्यंबकरावांचं मानपाड्याला पंपदुरुस्तीचं दुकान. डोंबिवलीत घर आणि मानपाड्याला दुकान, यापलीकडे त्या माणसाला जग नव्हतं. एका सरकारी खात्याचे पाणी उपसायचे पंप त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. पूर्वी टेंडर लिफाफ्यात घालून द्यायचं, लाखेची मोहोर लावायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि सहीच्या जागी एक टोकन आलं. पेनड्राइव्हएवढं, निळं. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन घालायची, की कागदावर माणसाची डिजिटल सही उमटते. सरकारच्या दृष्टीनं ती सही म्हणजे तो माणूसच समोर उभा.

ते टोकन काढायच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ करून द्यावा लागला होता. त्र्यंबकराव इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहिले, फोन शुभदानं धरला. आपलं नाव, जन्मतारीख सांगताना ते शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे ताठ झाले होते.

"अहो, जरा हसा तरी," शुभदा म्हणाली.

"सही करताना कोण हसतं?" ते म्हणाले, आणि मग दोघंही इतकी हसली की व्हिडिओ पुन्हा करावा लागला.

बाजारातले बहुतेक जण आपली टोकनं टेंडर भरून देणाऱ्या एजंटाच्या खणात ठेवून देतात, वर पिनची चिठ्ठी चिकटवून. त्र्यंबकरावांना ते कधी पटलं नाही. "सही दुसऱ्याच्या खणात ठेवून माणसाला झोप कशी लागते?" असं म्हणायचे. त्यांचं टोकन राहायचं देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, कापसाच्या वस्त्रांच्या डबीशेजारी. टेंडरच्या दिवशी शुभदा त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची, लोखंडी तोंड सांभाळून. पिनचे आकडे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत म्हणून ते तिच्याकडे पाठ. ती आकडे सांगायची, दाबायचे मात्र ते स्वतः. एकदा त्यांचा चष्मा सापडेना तेव्हा ती सहज म्हणाली, "सरका, मी दाबते." त्यांनी तिचा हात बाजूला केला होता. "सही माझी आहे ना? मग बोटही माझंच."

दुकानात त्यांच्याबरोबर गुणाजी. मानपाड्याजवळच्या गावातला, पोरवयात पाने-पकडी उचलायला आला तो तिथंच मोठा झाला. विहिरीत उतरून पंप बाहेर काढणं हे त्याचं काम, आणि कागदपत्रं त्र्यंबकरावांचं. एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं. भाऊबीजेला तो न चुकता यायचा, शुभदा ओवाळायची. "वहिनी, लाडू यंदा कडक झालेत, पाना घेऊन फोडू का?" असं विचारल्याशिवाय त्याची दिवाळी व्हायची नाही.

त्र्यंबकराव आजारी पडले तेव्हा नवं टेंडर जाहीर झालेलं. दर काढून, सगळं भरून ठेवलं होतं त्यांनी. फक्त सही राहिली. दवाखान्यातून घरी येऊन करू म्हणाले, आणि आले ते असे आले.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी गुणाजी भेटायला आला. चप्पल काढून दारातच बसला. उठताना चाचरत म्हणाला, "वहिनी, आताच इचारू नये, पन तारीख जवल आलीय. दादांच्या नावाचं तर आता जानार नाय. मी माझ्या नावानं भरू का? तुमी हो बोललात तरच."

"भर रे बाबा," शुभदा म्हणाली. "ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

त्यानं वाकून नमस्कार केला, मग सुतक आठवून मागे सरकला आणि गेला.

केदार, म्हणजे तिचा मुलगा, घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत. राहायलाही तिकडेच, उंच टॉवरमध्ये. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो लॅपटॉप उघडून बसला.

"आई, बाबांचं टेंडर फुल रेडी आहे गं. आज लास्ट डेट. फक्त सही मारायची."

"अरे, पण ते..."

"सिस्टीमला काय माहीत? टोकन व्हॅलिड आहे अजून. बाबांनी मरमर करून बनवलंय हे, वाया घालवायचं? उद्या दुकानाची पाटी उतरेल, बघवेल तुला?"

पाटी उतरलेली शुभदाला बघवणार नव्हती. त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुरं होतंय, मनाला तिनं एवढंच सांगितलं. गुणाजीला दिलेला शब्द त्या वेळी आठवलाच नाही, असं नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा बजावून पाहिलं. पण आठवला होता. चांगला आठवला होता, आणि ती गप्प बसली होती.

सुतकात देव्हाऱ्याला तिचा हात चालत नव्हता. देवापुढचा दिवा शेजारची हेमांगी येऊन लावायची. तिलाच हाक मारून शुभदानं खणातलं टोकन काढून घेतलं. "अगं, ते निळं, डबीच्या बाजूचं." हेमांगीनं ते लांबूनच तिच्या हातावर टाकलं. मग केदारनं विचारलं, "पिन?" शुभदानं एकेक आकडा सांगितला. बोट केदारचं होतं. पडद्यावर त्र्यंबकरावांचं नाव उमटलं, खाली तारीख आणि वेळ. त्या वेळी त्यांच्या अस्थीसुद्धा विसर्जित व्हायच्या होत्या.

देवाला हात लागू नये म्हणून एवढं जपलं. आणि गेलेल्या माणसाच्या हातून सही करवून घेतली, त्याचा विटाळ नाही वाटला. कार्तिकभर काकड आरतीला हेच तिच्या मनात फिरत राहिलं. ओठ अभंग म्हणायचे आणि मन लॅपटॉपपुढे जाऊन बसायचं.

दिवाळी तोंडावर आली असताना टेंडर उघडलं. कोणी किती दर भरला, नावासकट पडद्यावर दिसतं. त्या संध्याकाळी गुणाजी आला. या खेपेला चप्पल काढली नाही.

"आत ये ना रे," शुभदा म्हणाली.

"नाय, बरा आहे इथंच." तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "मी एजंटाकडं बसून बघत होतो. दादांचं नाव वर, माझं खाली. एजंट बोलला, हा तर जुना ठेकेदार, तुज्या वलखीचा असेल. मी काय सांगू? मीच खांदा दिलाय त्याला?"

शुभदा उंबऱ्यापर्यंत आली.

"माजी सही मी नवीन काढली, वहिनी. माजा पन इडिओ केला पोरीनं. वाटलं, दादा असते तर हसले असते." मग तो म्हणाला, "तुमाला काम पायजे होतं तर बोलायचं. मी भरलाच नसता. पन हो बोलून..."

"गुणाजी, केदार म्हणाला म्हणून..."

"केदारला पिन कुठं ठाऊक व्हती?"

एवढं बोलून तो जिना उतरला. भाऊबीजेला तिनं ताट तयार ठेवलं होतं, निरांजनात वात घालून. तो आला नाही. पुढे कानावर आलं की शीळफाट्याजवळ कुणाच्या पंपांच्या दुकानात तो नोकरीला लागलाय, गल्ल्याशेजारी उभं राहून नवे पंप दाखवतो. विहिरीत उतरणारा माणूस गिऱ्हाइकाला खोके उघडून दाखवतोय, हे डोळ्यांपुढे आलं की ती जेवता जेवता ताटावरून उठायची.

आणि आज हा फोन. तिनं केदारला लावला.

"अरे, बाबांना बोलावलंय. स्वतः या म्हणतात."

"शिट. म्हणजे, सॉरी. थांब, विचार करू दे." मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, बहुतेक घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "असं सांग ना, आजारी आहेत. बेडरेस्ट. मी अधिकारपत्र बनवतो, बाबांनी मला दिलंय असं. मागची तारीख टाकू."

"बाबा आजारी आहेत म्हणून सांगू?"

"सहा महिने तेवढं असं चालवू गं. नंतर नीट करू काहीतरी. आता काम सोडलं तर दुकान गेलं समज."

"आणि कोणी बघायला आलं तर बिछान्यावर कोणाला निजवू?"

"आई, तू ना, उगाच इमोशनल होतेस. सगळे करतात असं."

"तुझे बाबा करत नव्हते."

केदार खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगितलंस तर बाबांचं नाव काळ्या यादीत जाईल. एवढ्या वर्षांचं नाव. ते चालेल तुला?"

खरं सांगितलं तर नाव जाईल. नाही सांगितलं तर त्या नावानं रोज कुठं ना कुठं सही होत राहील, आणि ज्यानं आयुष्यात दुसऱ्याचं बोट आपल्या सहीला लागू दिलं नाही त्याला मेल्यावरही सुटका नाही. ती एवढंच म्हणाली, "आकडे मी सांगितले. तिकडे काय बोलायचं ते मीच बोलते. तुझं नाव घेणार नाही."

"तसं नाही गं आई..."

"गाडी चालवतोयस ना? ठेव आता."

तिनं गुणाजीलाही फोन लावून पाहिला. घंटी पूर्ण वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला नाही. काय सांगणार होती? काम रद्द होईल, पण ते त्याला मिळेलच असं थोडंच आहे? कदाचित टेंडर पुन्हा निघेल, कोणी तिसराच येईल. तुझं होतं ते मी घालवलं, एवढंच उरतं सांगायला, आणि ते त्याला आधीच ठाऊक होतं.

देव्हाऱ्यापाशी जाऊन तिनं खालचा खण उघडला आणि टोकन बाहेर काढलं. त्याच्या टोपणावर कुंकवाचा जुना डाग होता. तो पुसावा की राहू द्यावा, तिला ठरवता येईना. तसंच ते रुमालात बांधलं. मग कपाटातून त्र्यंबकरावांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढली, तिच्यावरची तारीख एकदा वाचली, आणि दोन्ही पिशवीत ठेवलं.

हेमांगीला तिनं दारातूनच सांगितलं, "उद्या सकाळचा दिवा तू लाव गं. मला ठाण्याला जायचंय. ऑफिसात यांचा मृत्यूचा दाखला द्यायचाय."