मास्तरांचा लॉर्ड आणि अष्टमीची दुपार

मास्तर गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. त्यांची मुलगी पार्ल्याहून गोराईच्या धक्क्यावर आली, हातात जाड वही. "काका, बाबा गेले..." आम्ही चार महिने बोलत नव्हतो. हट्ट माझाच होता, आणि तो मी आजही सोडलेला नाही.

मास्तर समुद्रात कधी गुडघाभरही उतरले नाहीत, पण विलायतेच्या राणीच्या काळातल्या एका आरमारी अधिकाऱ्याचं चरित्र लिहीत होते. लॉर्डाचा मुलगा, म्हणून आम्ही त्यालाच लॉर्ड म्हणायचो. तेराव्या वर्षी जहाजावर चढला, चाळिशीच्या आत कप्तान, शेवटी अ‍ॅडमिरल. मी दुसरी शिकलेला, पण जन्मभर तांडेल म्हणून होडी हाकली. शीड, नांगर, वारा समजून घ्यायला मास्तर दर रविवारी बोटीने माझ्याकडे यायचे. रंगीत टीव्ही आल्यापासून रविवारी धक्का ओस, तरी हे हजर. आधी बोंबलाच्या वासाने नाकाला रुमाल, पुढे तेच बोंबील मागून खायला लागले. वादळात लॉर्ड स्वतः डोलकाठीवर चढला, ते वाचताना मास्तरांचा आवाज भरून यायचा. मलाही तो पोरगा आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

मग तो प्रसंग आला. आपल्या कोकणाच्या किनाऱ्यावर लॉर्डाचं जहाज भर दुपारी खडकावर चढलं. चौकशीत लॉर्ड सुटला, ठपका आला वाट दाखवणाऱ्या कोळ्यावर. मी विचारलं, "तिथी काय होती?"

"तारीख आहे की. तिथी कशाला?"

"काढा."

पुढच्या रविवारी काढून आणली. अष्टमी.

"मास्तर, अष्टमीला भर दुपारी ओहोटी. शेंबडं पोर पण त्या वेळी जहाज आत घेणार नाही. तुमच्या लॉर्डालाच दम निघाला नसेल."

"अहो तांडेल, सरकारी कागदात छापलंय!"

"छापणाऱ्याने पाण्यात काठी घालून बघितली होती काय?"

मास्तर उठले. "वीस वर्षं घातलीयत मी या माणसावर."

"मग त्या कोळ्यावर एक रविवार घाला. नाहीतर येऊ नका."

ते आले नाहीत. रविवारची बोट लागली की मी पाठ फिरवून जाळं विणत बसायचो...

वही मलाच द्यायला सांगून गेले होते. अक्षर अक्षर लावत वाचायला आठवडे गेले. ते पान सापडलं. ठपक्याचा मजकूर खोडलेला. वर लिहिलंय, 'अष्टमी. पूर्ण ओहोटी. वाटाड्याने थांबायला सांगितलं असणार. कप्तान थांबला नाही.' पुढे वाटाड्याच्या नावासाठी जागा सोडलीय, आणि कडेला बारीक अक्षरात, 'कागदांत नाव नाही. तांडेलांकडे जाऊन विचारायचं.'

मला नाव ठाऊक नाही, मास्तर. मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या आजोबांचं घाला ना, कोण विचारतंय?" घातलं नाही. रविवारी बोट लागायच्या वेळी ते पान उघडून मांडीवर घेतो. आता धक्क्याकडे तोंड करून बसतो.