सोळा हजार ओहमचा हट्ट

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि पदवी घेऊनच उतरलो. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. त्या पदवीची फ्रेम आबांच्या दुकानात लावली आहे, व्हार्निशच्या डब्यांच्या वर. आबा म्हणजे माझे वडील. मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे जळालेली कॉइल काढून नवी तार गुंडाळतात. केळीच्या शेतातली पाण्यातली मोटार जळाली की चोपड्यापासून रावेरपर्यंतची माणसं ती जळगावला आमच्याकडे आणतात. आबा शिकले सातवीपर्यंत. माझं शिक्षण मी कुणापासून लपवत नाही, उलट जरा जास्तच सांगतो. म्हणून त्या शिक्षणाने कुठे दगा दिला तेही सांगायला पाहिजे.

मी हेवी मेटल वाजवतो. आम्ही तिघं. ड्रमवाला दीपनगरच्या वीज कॉलनीतला, गाणारा धुळ्याचा, तोच बास वाजवतो. गाणी आमची स्वतःची, अहिराणीत. लोक आधी हसतात, मग मान हलवायला लागतात.

धुळ्याच्या एका कॉलेजात गेल्या वर्षी मान कुणीच हलवली नव्हती. माझ्या गिटारचा आवाज असा लगदा झाला की एक सूर दुसऱ्यातून सुटेना. गॅदरिंग बघणारे सर स्टेजमागे येऊन म्हणाले, "गिटार होती का रे ती? मला वाटलं रसवंती लावलीय."

या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावलं, पण अट घालून. "एक गाणं वाजवा. नीट ऐकू आलं तर दुसरं. नाही तर चहा पिऊन गाडी पकडा."

म्हणजे सगळं गिटारच्या पिकअपवर आलं. पिकअप ही तारांखाली बसवलेली छोटी पेटी. आत चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की या वेढ्यांत करंट तयार होतो आणि तो ॲम्प्लिफायरला जातो. माझ्या गिटारला एकाच कॉइलचा जुना पिकअप होता. दुकानात मोटार सुरू झाली की तोही गुणगुणायचा. मेटलला दोन कॉइलचा लागतो. त्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, म्हणून बाहेरची गुणगुण तिथेच कटते.

पुण्याच्या एका दुकानदाराने दोन पिकअप पाठवले. एक ठेवायचा, एक दहा दिवसांत परत. पार्सल आलं त्या दिवशी मी पाइपच्या कारखान्यातल्या नोकरीवरून अर्धी सुट्टी घेतली. आता मोटारवाल्याचा मुलगा कुठलीही कॉइल हातात आली की पहिलं काय करणार? मल्टीमीटर लावला. एक दाखवत होता सोळा हजार ओहम, दुसरा तेरा हजार. संपलं. जास्त ओहम म्हणजे जास्त वेढे, जास्त वेढे म्हणजे जास्त दम. हा हिशोब मला कॉलेजात नीट शिकवला होता. दुसऱ्याची पिशवीसुद्धा फोडली नाही, बाहेर आलेल्या वायरींनाच मीटरच्या पिना लावल्या होत्या.

सोळावाला बसवला. दुपारी दुकान जेवायला बंद असायचं, मलाही कारखान्यात तेवढीच सुट्टी, तेव्हा आम्ही तिथेच वाजवायचो. आवाज प्रचंड आला. पत्रे हलले. मी खूश. ड्रमवाला म्हणाला, "भाऊ, जोर आहे. पण तू काय वाजवतोयस ते मला कळत नाहीये, मी अंदाजाने ठोकतोय."

"तुझे कान कॉलनीतले आहेत, शांततेची सवय झालेले," मी म्हणालो.

मग ॲम्पला दोष दिला, केबल बदलली, तारा बदलल्या. सात दिवस गेले. आठव्या दिवशी आबा डबा संपवून तिथेच बसून राहिले. एरवी आम्ही वाजवायला लागलो की ते चहाच्या टपरीवर जायचे. आमच्या गाण्यात एक जागा आहे, तळहाताने तारा दाबून एकामागून एक बारा ठोके, मग एकदम शांतता. ती संपल्यावर म्हणाले, "तुना बाजा मोठा बोलस. पन काय बोलस ते समजत नही."

मी फळ्यावर शिकवतात तसं त्यांना शिकवायला लागलो. ओहम, वेढे, दम. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तार कितली जाड शे?"

मला माहीत नव्हतं.

"मीटर दखं, तार नही दखी," आबा म्हणाले. "बारीक तार व्हई ते मीटर जास्तच ओहम दखाडी. तेन्हामा दम काय?"

ही त्यांची रोजची शिस्त. जळालेली मोटार आली की तिच्या पाटीवर काय छापलंय ते ते धरत नाहीत. जुनी कॉइल कापतात, एकेक वेढा मोजतात, तारेची जाडी मोजतात, मगच नवी भरतात. मी हे लहानपणापासून बघत होतो आणि पदवी घेऊनही ओहम बघून पिकअप निवडला होता.

आबांना पिकअप कापू दिला नाही, तेवढं नशीब. दोन्हींचे कागद काढले. खाली बारीक अक्षरात तारेची जाडी होती. सोळावाल्याची तार जास्त बारीक. म्हणजे तीन हजार ओहमचा फरक बराचसा नुसत्या बारीकपणाचा. मग आबांनी पेचकस दोन्हींजवळ नेऊन पाहिला. तेरावाल्याने तो लांबूनच खेचला. त्यात सिरॅमिकचं, जास्त जोराचं चुंबक होतं. आबा पेचकस सोडवत म्हणाले, "हाऊ लावी दख."

लावला. वायरींना सोल्डरचा डाग मी दिला, तारांपासूनचं अंतर आबांनी ठेवलं. मोटारीचा फिरणारा भाग आणि कॉइल यांच्यातली फट जितकी महत्त्वाची, तितकीच त्यांना इथलीही वाटत होती. पातळ पत्र्यांचं माप घालून त्यांनी पिकअप दोनदा वर, एकदा खाली केला. तारांना फार जवळ गेला की चुंबक तारच ओढायचं आणि सूर डळमळायचा.

मग मी बारा ठोके वाजवले. काय सांगू. कोरडे, टणक, प्रत्येक ठोका वेगळा, आणि बाराव्यानंतरची शांतता पण स्वच्छ. ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवल्या आणि नुसता हसत राहिला. आम्ही ते पंचवीसेक वेळा वाजवलं. शेजारचा टायरवाला येऊन विचारून गेला, कुणाचं लग्न आहे का. सोळावाला दुसऱ्याच दिवशी पुण्याला परत.

धुळ्याला आबा पण आले, पहिल्यांदाच. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी घालून, मांडीवर हात ठेवून बसले होते. भोवती सगळी काळे टी-शर्ट घातलेली पोरं. पहिलं गाणं संपलं तेव्हा मी टाळ्यांकडे नाही, पडद्याच्या कडेला उभ्या सरांकडे बघितलं. त्यांनी एक बोट दाखवलं, मग दुसरं. वाजवा अजून एक. मी वळून ड्रमवाल्याला दोन बोटं दाखवली.

परतीच्या एसटीत गिटार दोघांच्या गुडघ्यांमध्ये उभी धरून आम्ही बसलो. एरंडोलजवळ आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पहिला गानामा ती ठोकानी जागा चार येळ येस."

"हो."

"तीन येळ बारा बारा. चौथाले अकराच वाजनात."

बरोबर होतं. गाणं संपायच्या आधीच सरांकडे बघण्याच्या नादात माझा एक ठोका सुटला होता. बँडमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आबा तिसऱ्या रांगेत बसून वेढे मोजतात तसे ठोके मोजत होते, आणि त्यांना ते मोजता आले होते.

जळगाव येईपर्यंत मी ते अकरा गुडघ्यावर बोटांनी वाजवत राहिलो.