बॅगेतले तेवीस नारळ

साक्षीदाराला शपथ देणं हे माझं काम आहे. वणीच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं ते करतो. मी म्हणतो तसं समोरचा माणूस म्हणतो, की ईश्वरसाक्ष खरं सांगेन, आणि पाचेक मिनिटांत खोटं बोलायला लागतो. अशा लोकांना मी मनातल्या मनात फार नावं ठेवली आहेत. हे आधीच सांगतो, कारण दोन उन्हाळ्यांपूर्वी मी माझ्या बायकोशी जेव्हा खोटं बोललो, तेव्हा माझा आवाज अगदी शपथेवर असल्यासारखा होता.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. राजूरच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे, कोळशाच्या ट्रकांची कामं करतो. दहावीत एकाच बाकावर बसून आम्ही ठरवलं होतं की पाठीवर एक एक बॅग टाकायची आणि देशोदेशी भटकायचं. मग नोकरी, गॅरेज, लग्नं, पोरं यात ते राहून गेलं. त्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं आणि माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला. एक दिवस तो ट्रकखालून बाहेर आला आणि आडव्याआडवाच म्हणाला, "अबे, आता आपल्याले कोणी धरून ठेवलं बे?"

तिथून सगळं सुरू झालं.

कोर्टाला मे महिन्यात सुटी असते. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि शेवटी कंबोडिया, असे अठ्ठावीस दिवस आम्ही ठरवले. गॅरेजच्या भिंतीवर नकाशा लावला. रस्ता तो आखत होता, त्यामुळे लाओसवर ग्रीसचा भलामोठा अंगठा उमटला. लाओसमध्ये नेमकं काय पाहायचं ते मग आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

नागपूरहून साठ लिटरच्या दोन बॅगा आणल्या. माझी बॅग पाठीला लावली की मागून माणूस दिसत नसे, बॅगच चालत आहे असं वाटे. वजनाची सवय व्हावी म्हणून मित्राने तिच्यात ट्रकचे जुने बेअरिंग भरले. रोज पहाटे मी घरी "फिरायला जातो" असं सांगून गॅरेजवर जायचो, बॅग लावायचो आणि राजूरकडे चालत सुटायचो. प्रत्येक पावलाला पाठीत खणखण व्हायची. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "काका, घर सोडलं का?" मी म्हटलं, नाही हो, सराव आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि म्हणाला, "घरचे वाट पाहत असतीन. चालले जा वापस."

तो पुडा मी खाल्ला. त्याचंही मला नंतर वाईट वाटलं.

आता खोट्याकडे येतो. बायकोला सरळ का सांगितलं नाही? ती नाही म्हणेल अशी भीती होती, असं मी मित्राला सांगायचो. ते खरं नव्हतं. भीती होती की ती हो म्हणेल. ती आली म्हणजे सहाचा चहा आला, धुतलेल्या चादरी आल्या, प्रत्येक ठिकाणी संडास आधी पाहून येणं आलं. मला अठ्ठावीस दिवस सोळा वर्षांचं व्हायचं होतं, आणि सोळा वर्षांच्या पोराला बायको नसते. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा असंच वाटत होतं. फिरायला म्हटलं तर ती सोबत निघेल, यात्रेला म्हटलं तर नुसता नमस्कार करून सोडेल, असा माझा हिशेब होता.

म्हणून एका रात्रीच्या जेवणात, पोळीचा घास हातात धरून मी म्हणालो, "कंबोडियात विष्णूचं मंदिर आहे. जगातलं सगळ्यात मोठं. म्हणतो यात्रा करून यावी."

बायकोचं लाटणं थांबलं. "विष्णूचं? तिकडं?"

"हो. जाताना आणखी तीन देश वाटेत लागतात."

"आणि संगं कोण?"

मी मित्राचं नाव सांगितलं.

"तो गॅरेजवाला? विष्णूच्या यात्रेले?"

"त्याले गाडीचं समजते."

"गाडीनं जाऊन राह्यले का?"

"नाही. विमानानं."

तिने पोळी उलटली. "मग त्याले विमानाचं समजते का?"

आणि पुढची पोळी लाटायला घेतली. मला वाटलं, सुटलो. आणि आमच्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाचं काय होतं, ते मी साफ विसरलो.

दोन दिवसांनी कोर्टातून घरी आलो तर ओसरीवर सात नारळ मांडलेले. बायकोने गच्चीवर पापड करताना बायकांना सांगितलं होतं, आणि बायकांनी बाकीच्या गावाला. आमच्याकडे कोणी लांबच्या तीर्थाला निघाला की ज्यांना जाता येत नाही ते त्याच्या हाती नारळ देतात, आमच्या नावाने देवापुढे ठेवा म्हणून. आणि पाया पडतात. वय पाहत नाहीत, कारण पाया माणसाच्या नाही, यात्रेच्या पडायचं असतं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांनी मला चौथीत छडीने मारलं होतं, ते माझ्यासमोर वाकले. मी इतक्या जोरात मागे सरकलो की तुळशीच्या कुंडीत बसलो.

"राहू द्या जी सर," मी म्हटलं.

"नाही, नाही. तुमचं भाग्य थोर," कमरेला हात लावून सरळ होत ते म्हणाले. "या कमरेचं तेवढं देवाच्या कानावर घाला."

नारळ येतच राहिले. कोणाचा कशासाठी ते विसरू नये म्हणून बायकोने काळ्या मार्करने प्रत्येकावर लिहून ठेवलं. 'कंबर'. 'गुडघे'. 'बोअरचं पाणी'. 'नातवाची दहावी'. एकावर नुसतं 'सून' लिहिलं होतं. पुढे काही नव्हतं. शेवटी तेवीस झाले. मी जेवायला बसलो की ते कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचे. नारळाला डोळे असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं.

त्याच आठवड्यात मी घरी आलो तर बायको पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. बाजूला तिची निळी बॅग उघडी.

"कुठी जाऊन राह्यली?" मी विचारलं.

"तुमच्या संगं. तीर्थाले एकट्यानं गेलं तर पुण्य अर्धंच लागते. जोडीनं जा लागते." घडीवर हात फिरवत ती म्हणाली, "पोराले फोन केला मी. तुमच्याच विमानाचं तिकीट काढते म्हणे. पासपोर्ट तर हायेच माझा, त्यानंच काढून ठेवला होता. कायचा उपयोग, म्हणत होती मी तवा."

तिला टाळायला मी देव आणला होता, आणि त्याच देवाने तिला माझ्या विमानात बसवलं. मी तसाच चपला घालून गॅरेज गाठलं.

मित्राने सगळं ऐकलं, पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "अबे, झूट बोलला ते बोलला. पण विष्णू कायले आणला मधात? ऑफिसचं ट्रेनिंग सांगतलं असतं त भाभी आरामात घरी राह्यली असती. सव्वीस वर्षं कोर्टात राहून तुले झूट बी नाही जमत."

"तू काय सांगतलं तुह्या घरी?"

"खरं. ती म्हणे जा, महिनाभर घर थंडं राहीन."

"आता काय करू?"

"दोनच रस्ते. भाभीले जाऊन खरं सांग. नाही त मले बी टिळा लावून दे, मी बी करतो यात्रा. पण तिथं मले काई विचारलं त तूच बोलजो."

टिळ्याचा विचार मी खरंच केला. घरी परत येईपर्यंत केला. पण दारात आणखी एक म्हातारी नारळ घेऊन बसली होती, आणि तिने पायाला हात लावल्यावर मला कळलं की हे आता पेलवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गच्चीवर गेलो. बायको कुरडया घालत होती. गव्हाचा शिजवलेला चीक सोऱ्यात भरायचा आणि प्लॅस्टिकवर गोल गोल पाडत जायचं. चीक थांबून राहत नाही, गार झाला की घट्ट होतो, म्हणून कुरडई घालणारी बाई कोणासाठी थांबत नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सवयीने माझा उजवा हात वर गेला.

"हात कायले वर केला?" ती म्हणाली.

मी हात खाली घेतला आणि सगळं सांगितलं. नकाशा, बेअरिंग, बिस्किटाचा पुडा, सगळं. ती हो म्हणेल याची भीती वाटली होती, तेही. तिने तेवढ्यात चार कुरडया घातल्या.

"म्हणजे मंदिर नाहीच का?"

"मंदिर हाय. पण शेवटी हाय. आधी बावीस दिवस दुसरंच हाय."

"दुसरं काय?"

"काहीच नाही. नुस्तं फिरणं."

"नुस्तं फिरणं." तिने पाचवी कुरडई घातली. ती वाकडी झाली. "कोणाचं लग्न नाही? बारसं नाही? कोणाले भेटा लागत नाही?"

"नाही."

"आणि ते तुमी मले सोडून करून राह्यले होते."

कोर्टात अशा वेळी साक्षीदार पाणी मागतो. मला पाणीही मागवलं नाही.

"अजी, सत्तावीस वर्षांत तुमी मले जिथी जिथी नेलं," ती म्हणाली, "तिथी एक तर देव होता, नाही त नातेवाईक. मले वाटलं, चला, देव का होईना, या खेपेस दूरचा त हाय."

एवढं बोलून ती पुन्हा सोऱ्या दाबायला लागली. मी तिथेच उभा राहिलो. ऊन चढायला लागलं होतं.

"मग तू येतं काय?" मी हळूच म्हटलं.

"असं नाही. नीट विचारा. लोकायले शपथ देता तसं सरळ उभं राहून."

मी सरळ उभा राहिलो. "मी आणि तो चार देश फिरायले जाऊन राह्यलो. नुस्तं फिरायले. तू येशील का?"

"सांगते. कुरडया वाळल्या की."

कुरडया वाळायला कडक ऊन असलं तरी दोन-तीन दिवस लागतात. पुण्याहून मुलगा फोन करून विचारत होता, मम्मीचं तिकीट काढू की नको. मी त्याला म्हणालो, थांब, कुरडया ओल्या आहेत. तो घाबरला. बाबा उन्हात फिरू नका, म्हणाला. पण मी उन्हातच होतो. दर तासाला गच्चीवर जाऊन मी कुरडया उलटवत होतो. तीन तुटल्या, त्या मी खाऊन टाकल्या. दुपारी शेजारच्या गच्चीवरून हेडमास्तरांनी पाहिलं आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं की माणूस यात्रेआधीच किती बदलला.

तिसऱ्या दिवशी बायकोने एक कुरडई उचलून दोन बोटांत दाबली. कट्ट आवाज झाला.

"वाळली," ती म्हणाली. "येते मी. माझी बॅग मी उचलीन. कोणावर उपकार नाही."

"आणि नारळ वापस करून टाकतो," मी म्हटलं. "घरोघरी जाऊन खरं सांगतो."

"कायले? तुमचं मन हलकं कराले? लोकायनं विश्वासानं देले. मंदिर हाय न तिथी? मग पोचवा. नारळ तुमच्याच बॅगेत जातीन."

मित्राने हे ऐकून कपाळाला हात लावला, ग्रीससकट. "तीन देश मी तुह्या नारळायसंगं फिरू का बे?" त्याने नकाशा खाली घेतला आणि रस्ता उलटा आखला. बँकॉकला उतरायचं ते थेट कंबोडियाची बस धरायची, नारळ पोचवायचे आणि मग सुटं व्हायचं. लाओसवर दुसरा अंगठा उमटला.

निघायच्या दिवशी सकाळी नागपूरच्या बसपर्यंत अर्धी गल्ली सोडायला आली. माझ्या बॅगेत तेवीस नारळ, एक टॉवेल आणि दोन अंडरवेअर एवढंच मावलं होतं. बाकी कपडे बायकोच्या बॅगेत. बेअरिंगांचा सराव पहिल्यांदा कामी आला. मित्र टोपी घालून, ऊन लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात कांदा ठेवून उभा होता. हेडमास्तर पुन्हा वाकले. मी मागे सरकणार तोच बायको कानाशी म्हणाली, "उगीच नाचू नका. आशीर्वाद द्या." मी त्यांच्या कमरेवर हात ठेवला. फार मनापासून ठेवला, कारण दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

वरोऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने एका बैलगाडीसाठी करकचून ब्रेक मारला. वरच्या फळीवरची माझी बॅग खाली आली, तिचं तोंड सुटलं आणि तेवीस नारळ बसभर घरंगळले. लोक सीटखाली वाकले. मागून एक माणूस नारळ वर धरून ओरडला, "हे गुडघे कोणाचे हाय जी?"

"आमचेच," बायको म्हणाली. "द्या इकडं."

"आन हे बोअरचं पाणी?"

"ते बी आमचंच."

"सून?"

"सूनही द्या."

मित्र कांदा सांभाळत पायरीपाशी 'नातवाची दहावी' शोधत होता. बायको हसत होती. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला आणि आठवलं नाही. ते मी माझ्या इतर गुन्ह्यांच्या शेजारी ठेवून दिलं.

कंडक्टर 'कंबर' हातात घेऊन आला. "एवढे नारळ घेऊन कुठी जाऊन राह्यले काका? यात्रेले?"

मी तोंड उघडलं. सवयीने उजवा हात थोडा वर गेला.

"फिरायले," बायको म्हणाली.

"नुस्तं?"

"नुस्तं," ती म्हणाली, आणि 'कंबर' घेऊन मांडीवर ठेवली.