चार नंबरच्या बाकावरचा कीस

“इससे करवाओ ना. इसकी माँ भी यही करती है.”

मुख्याध्यापक हे बोलले तेव्हा वर्कशॉपमध्ये नववीची वीस पोरं उभी होती. बोट कल्पनाकडे. तिची आई याच शाळेतले संडास धुते, म्हणून तिची फी माफ. आम्ही दोघी एकाच समाजाच्या, हे त्यांना ठाऊक. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “और मॅडम, आपको भी आदत होगी.”

पोरं हसली.

मी धातुकाम शिकवते. आयटीआय फिटर आहे. बाप सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फिटर होता, त्यानंच मला कानस धरायला शिकवलं. त्याचा नियम एकच. कानशीनं घासून लोखंडाचा कीस आपण पाडला, तर काम संपल्यावर आपणच भरायचा. मुकादमानं हेल्पर दिला तरी त्यानं आपल्या बाकाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही.

माझ्या वर्गातही तोच नियम. चार नंबरच्या बाकावर ट्रस्टींचा मुलगा. खोटं कशाला बोलू, कानस छान मारतो. पण ब्रश हातात धरेना. आदल्या दिवशी त्याची आई येऊन सांगून गेली, “अमारो छोकरो झाडू नहीं मारे, बेन.” म्हणून मुख्याध्यापक आलेले.

कल्पना ब्रश घेऊन निघालीसुद्धा. हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मॅडम, मी भरसू. माले सवय शे.”

माझ्या आईची खानदेशी बोली. मला पोरीचा राग आला. मग स्वतःचा. कारण मी काय केलं? तिच्या हातातला ब्रश घेतला आणि तो कीस मीच भरला. वाकून. सगळ्यांसमोर. वाटलं, पोरीला वाचवलं. डोंबलाचं वाचवलं! वीस पोरं त्या दिवशी एवढंच शिकली, की त्यांनी सांडलेलं उचलायला आमच्यातलंच कुणीतरी वाकतं.

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या. बमरोलीतली माझी खोली ती केवढी, चार पावलांत भिंत.

पुढच्या तासाला सुटायची घंटा झाली. एकोणीस बाक स्वच्छ. चार नंबरवर कीस. कल्पना सवयीनं उठली.

“बस खाली,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ब्रश उचलून त्या मुलासमोर ठेवला. “हा तुझा.”

तो कीस तसाच टाकून निघून गेला. मी वर्कशॉपला कुलूप लावलं.

संध्याकाळी मुख्याध्यापकांची नोटीस हातात पडली. बाक साफ करून घ्या, लेखी माफी द्या, नाहीतर शुक्रवारपासून येऊ नका. मी खाली बापाचा नियम लिहिला, सही केली, कागद परत दिला.

आज शुक्रवार. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. नोकरी जाईल, कळतं मला. भीतीही वाटते. तरी मी वेळेवर जाणार, कुलूप उघडणार, वीसही पोरांना आत घेणार. तो कीस मी भरणार नाही. कल्पना भरणार नाही. तिची आईही नाही. ज्यानं पाडला त्यानं भरेपर्यंत या वर्गात कुणाची कानस चालणार नाही.